शंका विचारणारा ‘षडयंत्रवाला’ कसा ठरतो?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

बाळाच्या लशींविषयी वडोदऱ्यातून आलेल्या पत्रांत या वेळी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लशीबद्दल प्रश्न विचारल्यावर काय काय ऐकून घ्यावे लागले, याचीच तक्रार जास्त आहे. म्हणून या महिन्याचे सदर त्याच विषयाला दिले आहे. उत्तरे बालरोग आणि सामुदायिक आरोग्य या क्षेत्रांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून लिहिली आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचं बाळ सव्वा महिन्याचं आहे. दीड महिना झाला की एकाच दिवशी तीन इंजेक्शनं आणि दोन प्रकारचे थेंब देणार, असं नर्सबेननी सांगितलं. एवढं एकदम झेपेल का, इतकंच मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. दोघांनी ‘आले षडयंत्रवाले’ म्हणून टर उडवली. त्याच रात्री तिसऱ्याने लशीतून चिप घालतात असे सांगणारे व्हिडिओ पाठवले. यात मी नक्की कुठे बसतो? (एक बाबा, मांजलपूर)

उत्तर : तुम्ही कुठल्याच गटात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये लशीबाबतच्या दोलायमानतेची व्याख्या केली ती अशी : लस उपलब्ध असूनही ती घ्यायला उशीर करणे किंवा नाकारणे. तुम्ही उशीरही केलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. बाळाच्या अंगात काय जाणार हे विचारलेत, आणि ते विचारणे हे आईबापांचे कामच आहे.

शंका आणि षडयंत्राची कल्पना यांतला फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो : ‘काय दाखवलं तर तुमचं समाधान होईल?’ शंका असलेल्या माणसाकडे याचे काहीतरी उत्तर असते. एखादा आकडा, एखादी चाचणी, विश्वासातल्या डॉक्टरांचे मत. षडयंत्र मानणाऱ्याकडे ते नसते. त्याच्या लेखी विरुद्ध जाणारा प्रत्येक पुरावा विकत घेतलेला असतो आणि पुरावा नसला की तो दडपलेला असतो. चिपवाल्या गृहस्थांना हा प्रश्न विचारून बघा.

मग शिक्का इतका पटकन का बसतो? पहिली अडचण अशी की दोघांच्या तोंडी वाक्य एकच असते : ‘दुष्परिणाम लपवतात का?’ दुसरे, समोरच्याला उत्तर ठाऊक नसते आणि शिक्का मारला की उत्तर द्यायची गरज उरत नाही. तिसरे कारण वैद्यकीय जगाच्या अनुभवात आहे. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरने अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवला. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरची नोंदणीही रद्द झाली. मधल्या १२ वर्षांत लसीकरण घसरले आणि गोवर परतला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही लस घेतलेल्यांत ऑटिझम वाढल्याचे दिसले नाही. इतके सगळे निस्तरावे लागल्यावर पुष्कळ डॉक्टर पहिल्याच प्रश्नाला अंग चोरू लागले.

चौथे कारण आम्हाला सर्वांत घातक वाटते. एक दुष्परिणाम कबूल केला तर लोक लस घेणारच नाहीत, ही यंत्रणेतल्या माणसांची भीती. तिच्यापायी ‘काही होत नाही हो’ असे सांगितले जाते, रात्री बाळाला ताप येतो आणि सांगणाऱ्यावरचा विश्वास तिथेच संपतो. शिवाय लशीच्या आडून कोणी कधी डाव रचलाच नाही, असेही नाही. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेने हेपटायटिस बी लसीकरणाचा बनाव केला. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, असे २०१४ मध्ये अमेरिकी सरकारला जाहीर करावे लागले. तेव्हा ‘असं कधी घडतच नाही’ हे उत्तर खरेही नाही आणि ऐकणाऱ्याला पटतही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. त्या दिवशी डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट ०.५ मिली, उजव्या मांडीत न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस ०.५ मिली आणि उजव्या दंडाच्या कातडीत पोलिओचा ०.१ मिलीचा छोटा डोस देतात. तोंडाने पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबाविरुद्धची रोटाव्हायरसची लस. पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) या पाचांविरुद्धचे घटक असतात. आईकडून आलेले संरक्षण ओसरू लागते तो हाच काळ, आणि डांग्या खोकला सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्याच जिवावर उठतो. डोस वेगवेगळ्या दिवशी विभागले तर टोचण्या तितक्याच राहतात, फेऱ्या वाढतात आणि बाळ संरक्षणाविना राहण्याचे दिवसही वाढतात. बाळ जन्मल्या दिवसापासून अक्षरशः हजारो जंतूंशी गाठ घेत असते; त्यापुढे या लशींचा भार लहान आहे.

ताप येण्याची शक्यता बरीच आहे, कारण सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचा मारलेला पण अख्खा जंतू असतो. खासगीत ‘पेनलेस’ म्हणून मिळते तिच्यात त्या जंतूचे निवडक भाग असतात. तिने ताप कमी येतो, पण डांग्या खोकल्यापासूनचे संरक्षण लवकर ओसरते. मांडी सुजणे, दुखणे, चिडचिड हे एक-दोन दिवस चालते. टोचण्याआधीच पॅरासिटामॉल पाजू नका. ताप आलाच तर वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास अंतर आणि २४ तासांत चारापेक्षा जास्त डोस नाहीत. साडेचार किलोच्या बाळाला साधारण ५० मिलिग्रॅम पुरते. गफलत होते ती बाटलीत. ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे अर्धा मिली. सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा १२५, म्हणजे दोन मिली. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर चौपट औषध पोटात जाते. म्हणून टोचायला नेल्यावर वजन करून घ्या आणि तुमच्या घरातल्या बाटलीप्रमाणे मिलीत किती, हे कार्डावरच लिहून घ्या. ताप दोन दिवसांपुढे गेला, बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, झटका आला किंवा तीन तासांहून जास्त सलग रडत राहिले तर थेट डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : नात चौदाची झाली. सूनबाई तिला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यायची म्हणते. २०१० साली आपल्याच वडोदरा जिल्ह्यात या लशीनंतर मुली दगावल्याचं मी पेपरात वाचलं होतं. हे बोलले तर मुलगा म्हणतो, ‘आई, तू पण त्या षडयंत्रवाल्यांतली झालीस का?’ मला खरं काय ते सांगा. (एक आजी, दांडिया बाजार)

उत्तर : आजी, तुम्हाला आठवते ते घडले आहे. मुलाने आधी हे मान्य करावे आणि मग पुढचे बोलावे.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या ‘पाथ’ या संस्थेने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला बरोबर घेऊन, आंध्र प्रदेशातला खम्मम जिल्हा आणि गुजरातमधला वडोदरा जिल्हा इथे १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) विरुद्धची लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. खम्मममध्ये गार्डासिल वापरली, आपल्याकडे सर्व्हारिक्स. दोन्हीकडच्या मिळून सात मुलींच्या मृत्यूंची बातमी आल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत निघाले ते असे : एक मुलगी पाण्यात बुडून गेली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक पिऊन जीव दिला, एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोघींचे कारण तितके स्वच्छ कळले नाही. एकीला जोराचा ताप होता, दुसरीच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय होता. लशीमुळे मृत्यू झाल्याचे चौकशी समितीला आढळले नाही.

पण गोष्ट तिथे मिटत नाही. संमती घेताना गंभीर चुका झाल्या होत्या. खम्मममध्ये पुष्कळ मुली आश्रमशाळांत राहत, आणि त्यांच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. दुष्परिणाम नोंदवायची व्यवस्थाही धड नव्हती. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मधल्या ७२व्या अहवालात यावर फार कडक शब्दांत ठपका ठेवला. म्हणजे हा आरोप कुणा भुरट्या चॅनलचा नव्हता, संसदेचा होता. तेव्हा ज्यांनी आवाज उठवला त्यांनाही ‘लसविरोधक’ म्हटले गेले. लशीबद्दलची भीती अनाठायी होती आणि संमतीबद्दलचा राग रास्त होता. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि शिक्का मारणाऱ्याला नेमके हेच सांगता येत नाही.

त्याच स्थगितीतून पुढे एक वेगळीच माहिती हाती आली. देशात तेव्हा एचपीव्ही लशीचा दुसरा एक अभ्यास सुरू होता. त्याच्या केंद्रांत बार्शी, पुणे, मुंबई आणि अहमदाबाद ही गावे होती. त्यात दोन डोसांची तुलना तीन डोसांशी करायची होती. एप्रिल २०१० मध्ये लस देणे थांबले आणि सुमारे १७,७०० मुलींपैकी जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्याकडे पुढे दहा वर्षे लक्ष ठेवले. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा १६ आणि १८ या प्रकारांच्या विषाणूच्या चिवट संसर्गापासून एका डोसानेही दोन-तीन डोसांइतकेच संरक्षण मिळाल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वर्षे वयाला एक डोसही चालेल असे मान्य केले, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा मोठा वाटा आहे.

आता नातीपुरते. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त दगावतात. दहापैकी सुमारे सात रुग्णांत १६ आणि १८ हेच प्रकार कारण असतात. स्वीडनमध्ये सोळा लाखांहून जास्त मुली-तरुणींचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८८ टक्के कमी होता. खासगी डॉक्टर १५ वर्षांच्या आतल्या मुलीला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात, १५ पूर्ण झाल्यावर तीन. म्हणजे नातीला पंधरावे वर्ष पुरे होण्याआधी सुरू केलेले बरे. पुण्यात बनणारी सर्व्हावॅक ही एचपीव्ही लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. इंजेक्शन दंडात, ०.५ मिली. या वयात टोचल्यावर चक्कर येऊन पडणाऱ्या मुली पुष्कळ असतात. ते सुईच्या धास्तीने होते, पण डोके आपटले तर खरी इजा होते. म्हणून मुलीला काहीतरी खाऊ घालून न्या, बसवून टोचा आणि किमान १५ मिनिटे बसू द्या. मूल न होण्याशी या लशीचा संबंध नाही. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही, कारण ही लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

सही करण्याआधी विचारा : लस कोणती, कोणत्या कंपनीची, डोस किती, दुसरा कधी, त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. उत्तर लिहून मागा. आणि नातीलाही खोलीत बसवा. चौदाव्या वर्षी तिला हे सगळे समजते.

प्रश्न : नवरात्रात गरबा खेळताना तरुण मुलं कोसळल्याच्या बातम्या येतात. कोविशील्डमुळेच, असं आमच्या मंडळात सगळे म्हणतात. तसं म्हणणं मूर्खपणा आहे का? (एक तरुण, वाघोडिया रोड)

उत्तर : मूर्खपणा नाही. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींचा संबंध मन लावतेच. तो तपासायला मोजणी लागते. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांमधून १८ ते ४५ वर्षांच्या, वरवर निरोगी असलेल्या आणि अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली आणि तिची तुलना त्याच वयाच्या, त्याच भागातल्या २,९१६ जिवंत माणसांशी केली. हे मृत्यू ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळातले. कोविड लशीने धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो निम्म्याच्या आसपास होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागलेल्यांत, घरात आधी कुणी असे अचानक गेले असेल त्यांच्यात, शेवटच्या ४८ तासांत भरमसाट दारू प्यालेल्यांत आणि त्याच काळात अंगमेहनतीचा अतिरेक केलेल्यांत. या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी : गेलेल्या माणसाची माहिती घरच्यांना विचारून घेतली होती.

कोविशील्डने रक्ताच्या गाठी होण्याचा एक दुर्मीळ विकार होतो, हेही तितकेच खरे. युरोपच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्ये ते मान्य केले. आपल्या सरकारी समितीने मे २०२१ मध्ये २६ संभाव्य रुग्ण, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१ असा दर जाहीर केला. हा विकार डोसानंतर साधारण ४ ते ४२ दिवसांत होतो, वर्षांनंतर नाही. २०२४ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयात मूळ कंपनीने हे मान्य केल्याच्या कागदपत्रांची बातमी आली तेव्हा लोकांना वाटले की हे आत्ताच उघडकीला आले. भारतात ही माहिती २०२१ मध्ये ठळक अक्षरांत घरोघरी पोचली असती, तर तीन वर्षांनी कुणाला फसवल्यासारखे वाटले नसते.

मंडळासाठी एक काम सुचवतो. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी, यांतले काहीही झाले की खेळ थांबवायचा. कोणी कोसळला आणि श्वास धड चालत नसेल तर एकाने १०८ फिरवायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचे. मंडळातल्या दहा जणांनी हे नवरात्राआधी शिकून घ्यावे.

प्रश्न : सयाजीराव महाराजांच्या काळात लोक सरकारवर विश्वास ठेवून टोचून घेत. हा संशयाचा रोग मोबाइलनेच आणला ना? (निवृत्त शिक्षक, रावपुरा)

उत्तर : सर, संशय मोबाइलहून बराच जुना आहे, आणि तेव्हाही त्याला कारणे होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. प्लेगची लस शोधणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत, देवघरापर्यंत घुसले. त्यातून रँडचा खून झाला, हा इतिहास आपण शाळेत शिकवता. ज्या सरकारची तपासणी अशी, त्याच सरकारच्या सुईवर भरवसा बसणे सोपे नव्हते.

आपल्या बडोदे संस्थानातला प्रयोग मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे. वडोदऱ्याजवळच्या उंडेरा गावात प्लेग सुरू असताना फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना तसेच ठेवले. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ गेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६ गेले. (न टोचलेल्यांना तसेच ठेवणे आज कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही.) एकच घर, एकच अन्न, एकच हवा, त्यामुळे तुलना कुणालाही घरच्या घरी पडताळता येत होती.

आणि १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर गेला, त्यांचे काम सुटले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे आले आणि १९०७ मध्ये त्यांचे नाव साफ झाले. पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांत लोकांनी लस नाकारली असेल तर त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. बाटली उघडताना आणि उघडल्यावर काय घडते, हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे. पुढच्या पत्रात तोच आला आहे.

प्रश्न : दुसऱ्या पेंटानंतर बाळाच्या मांडीत गाठ झाली, मग पू झाला आणि चिरा द्यावा लागला. जिथे टोचलं तिथे विचारायला गेले तर ‘तुमच्यासारख्यांमुळेच अफवा पसरतात’ असं ऐकवलं. तक्रार कुठे करायची? (एक आई, अकोटा)

उत्तर : ताई, तुम्हाला असे बोलणे चूक होते. हा लसीकरणानंतरचा प्रतिकूल परिणाम आहे आणि तो नोंदवणे हे त्यांचे काम आहे, मग दवाखाना सरकारी असो की खासगी.

आधी गाठीबद्दल, कारण बऱ्याच जणींना हा प्रश्न पडतो. पेंटानंतर मांडीत हाताला लागणारी, न दुखणारी टणक गाठ काही आठवडे राहून आपोआप विरते. तिला चोळू नये, शेकू नये, हळद-चुना लावू नये. लाल, गरम, दुखरी, बोट लावल्यावर आत हलणारी गाठ म्हणजे पू. ती डॉक्टरनेच काढायची. क्षयरोगाविरुद्धच्या बीसीजी लशीचे गणित वेगळे आहे. डाव्या दंडावर दोन-तीन आठवड्यांनी फोड येतो, फुटतो आणि सहा ते बारा आठवड्यांत व्रण ठेवून सुकतो. ते अपेक्षितच असते. त्याला मलम लावायचे नाही.

पू होण्यामागे साधारण तीन चुका असतात. सुई स्नायूपर्यंत न जाता वरच्यावर राहिली. बाटलीच्या रबरी बुचातून किंवा हातातून जंतू आत गेले. किंवा लस कधीतरी गोठली होती. पेंटातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे गोठल्यावर गठ्ठे होतात. मग गुण कमी होतो आणि जागेवर निर्जंतुक पू धरू शकतो. म्हणूनच पेंटा २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची आणि लस नेण्याच्या पेटीतला बर्फाचा पॅक हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवायचा. आईबापांना ही चूक डोळ्यांनी दिसत नाही, पण काही गोष्टी दिसतात. बाटलीवरच्या गोल चिन्हातला चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिका असला पाहिजे. तितकाच गडद किंवा जास्त गडद असेल तर ती लस उष्णतेने बिघडली. हे चिन्ह गोठण्याबद्दल मात्र काही सांगत नाही. उघडलेली पेंटा नियम पाळून २८ दिवस वापरता येते, पण उघडल्याची तारीख आणि वेळ बाटलीवर लिहिलेली हवी. गोवर-रुबेला आणि बीसीजी या पावडरीत द्रव मिसळून केलेल्या लशी चार तासांनंतर फेकायच्याच. त्यांत जंतू वाढले तर बाळ काही तासांत दगावू शकते. ‘बाटली कधी उघडली?’ हे विचारायला लाजू नका. सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे.

तक्रारीसाठी ममता कार्डाचा (बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाचा) फोटो काढा. लशीचे नाव, कंपनी, बॅच नंबर, टोचल्याची तारीख आणि वेळ, गाठ पहिल्यांदा दिसल्याचा दिवस आणि चिरा दिलेल्या डॉक्टरचा कागद एकत्र ठेवा. ते घेऊन तुमच्या भागातल्या शहरी आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरना भेटा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तिथे दाद मिळाली नाही तर लसीकरण अधिकाऱ्यांकडे जा. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ ही आहे, तिथेही नोंद होते. त्याच दिवशी टोचलेल्या आणखी बाळांना असेच झाले का, ही चौकशी कराच. एकाहून जास्त बाळे निघाली तर त्याला समूहघटना म्हणतात आणि तपास ताबडतोब व्हावा लागतो. मृत्यू, रुग्णालयात भरती किंवा अपंगत्व आले तर अहवाल २४ तासांत पुढे जायचा असतो. तपासात पाच शक्यता पाहतात : लशीचा स्वाभाविक गुण, लशीच्या दर्जातला दोष, देण्यातली चूक, सुईच्या भीतीने झालेला त्रास, किंवा निव्वळ योगायोग.

माहिती मागणे हा तुमचा हक्क आहे. लसीकरणाविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय गटाचे माजी सदस्य असलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कोविडच्या लशीसाठी कुणावर बळजबरी करता येणार नाही, आणि दुष्परिणामांच्या नोंदी व्यक्तीची ओळख न उघडता लोकांना पाहता आल्या पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. त्याच निकालात सरकारचे कोविड लसीकरणाचे धोरण मनमानी नसल्याचेही म्हटले होते. दोन्ही भाग वाचावेत. पुढे पाठवताना लोक आपल्या सोयीचा तेवढाच पाठवतात.

बाळाचा तिसरा डोस दुसऱ्या मांडीत, वेळेवर घ्या. मागच्या वेळी पू झाला होता हे टोचणाऱ्याला आधी सांगा.

प्रश्न : मी आशा आहे. ममता दिवसाला (लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी) चार घरं कायम रिकामी जातात. कितीही समजावलं तरी ‘बघू’ म्हणतात. कसं बोलू? (तरसाली)

उत्तर : चारही घरांचे ‘बघू’ एकच आहे असे धरू नका. एका घरी आईची मजुरी बुडते, दुसरीकडे सासूबाईंना विचारायचे असते, तिसरीकडे मागच्या मुलाला ताप आला तेव्हा कुणी सांगितले नव्हते, आणि चौथ्या घरी व्हिडिओ पोचलेला असतो. पहिल्या घराला वेळ बदलून द्या, दुसऱ्या घरी सासूबाईंशीच बोला. तिसऱ्या घरी आधी ‘ते सांगायला हवं होतं, राहून गेलं’ असे म्हणा आणि मग गप्प बसून ऐका. चौथ्या घरी व्हिडिओ खोटा आहे असे म्हणत सुरुवात करू नका. ‘त्यात तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटली?’ असे विचारा. बहुतेकदा एकच गोष्ट निघते. तिचे उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर ‘डॉक्टरांना विचारून गुरुवारी येते’ म्हणा आणि गुरुवारी जाच.

टोचल्यावर चार गोष्टी दर वेळी सांगायच्या : कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि त्यावर काय करायचे, पुढची तारीख कोणती, कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचे. अर्धा तास थांबवून घ्यायचे. गर्दीत दुसरी गोष्टच गळते, आणि पहिल्या पेंटानंतर न फिरकणाऱ्या घरांचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. ‘रेशन बंद होईल’ असे कधीही म्हणू नका. त्या वाक्याने एक डोस मिळेल, पुढचे सगळे जातील.

प्रश्न : घाबरून आम्ही बाळाचे डोस थांबवले. आता ते चौदा महिन्यांचं आहे, पेंटाचा एकच डोस झाला आहे. पहिल्यापासून सुरू करावं लागेल का? (फतेगंज)

उत्तर : नाही. झालेला डोस मोजला जातो, पुन्हा सुरुवात करायची नसते. पेंटाचा एक डोस वर्षाच्या आत झाला असल्यामुळे उरलेले दोन पेंटाच, किमान चार आठवड्यांच्या अंतराने मिळतील. गोवर-रुबेलाचा पहिला डोस राहिला असेल तर तो याच भेटीत घ्या; दुसरा सोळा महिन्यांनंतर, पहिल्यापासून किमान चार आठवडे सोडून. ही लस पाच वर्षांपर्यंत देतात. पोलिओचे थेंबही पाच वर्षांपर्यंत मिळतात. रोटाव्हायरस मात्र वर्षानंतर सुरू करत नाहीत, आणि बीसीजी राहिली असेल तर तिचीही वेळ गेली. कार्ड हरवले असेल तर जिथे पहिला डोस घेतला तिथल्या रजिस्टरमधून नोंद काढून घ्या. पुढच्या बुधवारी ममता दिवसाला जा आणि डोस का थांबवले होते ते मेडिकल ऑफिसरना मोकळेपणाने सांगा. बाळाला पूर्वी झटका किंवा तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ते आधी सांगा, कारण त्याने पुढची लस बदलू शकते.